दोन जादा पाटे

मित्रांनो, तुर्भ्याला कारखान्यांच्या मागच्या रस्त्यावर भंगाराची दुकानं आहेत. तिथे कुंपणाला टेकून एक पांढरी पिकअप उभी दिसेल. तिचं पुढचं डावं चाक नाही आणि दार दोरीने बांधलेलं आहे. ती मी. शाळा सुटली की तुम्ही माझ्या हौद्यात चढून उड्या मारता आणि एकमेकांना म्हणता, "मागून कसली दणकट आहे बघ!" तुमचा काही दोष नाही. पण ते ऐकलं की मला बोलल्यावाचून राहवत नाही.

माझा जन्म १९९३ सालचा, घाटावरच्या एका कारखान्यातला. घाट उतरून मी खाडीकाठच्या एका गावात आले. माझे मालक नामदेवशेठ. त्यांच्या वडिलांचं मिठागर होतं. नवं शहर वसवताना त्यावर भराव पडला, आणि आता तिथे चार मजली इमारतींची रांग उभी आहे. मिठाखेरीज दुसरं काही न शिकलेल्या माणसाने मग दहा उद्योग करून पाहिले आणि शेवटी मला आणलं. सरस्वतीवहिनींनी माझ्या बॉनेटवर हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि सगळं गाव मला हात लावून गेलं.

चालवायला सिताराम होता. तो महाडकडचा. शेठच्या घरामागच्या खोलीत बायको शकुबाई आणि लहान मुलगी यांच्यासह राहायचा. मित्रांनो, गाडीला मालक कोण हे कागदावर लिहिलेलं असतं, पण गाडीला कळतो तो चालवणारा. सकाळी किल्ली फिरवण्याआधी तो माझ्याभोवती एक फेरी मारायचा. इंजिनाच्या आवाजात जरा फरक पडला की रस्त्याच्या कडेला थांबायचा.

वाशीच्या बाजारातून कांदेबटाटे, कोबी, भोपळे भरून आम्ही नेरूळ-बेलापूरच्या दुकानांत पोचवायचो. माझ्या मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची चळत होती. तिला कमान म्हणतात आणि एकेका पट्टीला पाटा. माल चढला की कमान दबते आणि गाडी मागून बसते. भरून झालं की सिताराम मागे उकिडवा बसायचा, चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये हात घालायचा. चार बोटं शिरली तर निघायचं. नाही शिरली तर तो सरळ सांगायचा, "दोन गोणी उतरवा. तिला झेपत नाय." हमाल हसायचे, पण गोणी उतरायच्या. तीन वर्षं माझं एक चाकसुद्धा पंक्चरखेरीज कशासाठी उघडलं गेलं नाही. ते दिवस मी कधी विसरणार नाही.

शहाण्णव साली न्हावा शेव्याचा एक ठेकेदार शेठकडे आला. बंदराजवळ कंटेनर ठेवायची नवी नवी यार्डं निघत होती आणि वीज पुरेशी पोचलेली नव्हती. त्याच्याकडे दोन चाकांच्या ट्रेलरवर बसवलेला डिझेलचा मोठा जनरेटर होता. तो रोज एका यार्डातून दुसऱ्या यार्डात ओढून न्यायला गाडी हवी होती. भाजीच्या धंद्यात रोज पहाटे उठून भाडं शोधावं लागे, इथे बारा महिने ठरलेलं काम. नामदेवशेठनी त्याच दिवशी माझ्या मागे हूक जोडून घेतला.

पहिल्याच दिवशी ट्रेलर अडकवला तशी मी मागून मटकन बसले. वर हौद्यात डिझेलची पिंपं आणि तारांची भेंडोळी होतीच. सितारामने हात घातला, तर एक बोट शिरेना. माझं नाक वर गेलं, पुढची चाकं रस्त्याला जेमतेम टेकली. मैलभर जाऊन तो परत आला.

"शेठ, स्टेअरिंग लागतच नाय. पुढून हलकी झालीय गाडी. ब्रेक दाबला तर ट्रेलर मागून ढकलतोय."

"मंग पाटं वाढवून घेऊ," शेठ म्हणाले. "तुर्भ्याला तो कोल्हापूरवाला हाय ना, बाबासो."

बाबासोंचं दुकान म्हणजे रस्त्याकडेला एक छप्पर, एक भट्टी आणि पाट्यांचे ढीग. त्यांनी माझी मागची बाजू जॅकवर उचलली, क्लॅम्प सोडले, कमान खाली घेतली आणि पाटे एकेक करून जमिनीवर मांडले. दोन नवे पाटे भट्टीत लाल केले आणि घणाने ठोकत जुन्यांच्या बाकाला बाक मिळवला. मध्ये ग्रीस भरून, पाट्यांवर पाटे चढवून क्लॅम्प आवळले. दिवस गेला. काम इतकं नेटकं, की घाटावरच्या कारखान्यातही तसं झालं नसतं.

हात पुसत बाबासो म्हणाले, "शेट, पाटं घातल्यात. आता कितीबी वजन टाका, गाडी बसायची न्हाई. पर एक ध्यानात ठेवा. पाटं म्हंजी ब्रेक न्हवं. ट्रेलरला सोताचा ब्रेक बसवून घ्या. त्यो वाकड्या रस्त्याला तुमच्या डोस्क्यावर बसंल."

"बसवू," शेठ म्हणाले.

"आजच बसवू या ना शेठ," सिताराम म्हणाला. "ट्रेलर हितंच आनतो मी."

"आरं, ट्रेलर ठेकेदाराचा हाय. त्याचा खर्च मी का करू? बोलतो मी त्याच्याशी."

ठेकेदार म्हणाला, गाडी तुमची ओढते, तुम्हीच बघा. शेठ म्हणाले, ट्रेलर तुमचा, तुम्ही बघा. दोघं हसून चहा प्यायले आणि विषय तिथेच राहिला.

मित्रांनो, खरं सांगायचं तर त्या वेळी मला फुशारकीच वाटत होती. माझी मागची बाजू ताठ उभी राहिली होती. कितीही भरा, मी बसत नव्हते. गावातले लोक येऊन माझ्या मागच्या फळीवर दाबून पाहायचे आणि शेठ म्हणायचे, "ट्रकाची ताकद हाय हिच्यात." ठेकेदाराने पिंपं वाढवली. मग जनरेटरच्या शेजारी वेल्डिंगचं मशीन चढवलं. सिताराम सवयीने मागे उकिडवा बसायचा, हात घालायचा, तर चार काय, पाच बोटं सहज शिरत. तो तसाच बसून राहायचा. किती वजन आहे हे मी पूर्वी त्याला सांगत असे. आता मला सांगता येत नव्हतं आणि त्याला ओळखता येत नव्हतं. इंजिन, ब्रेक, टायर, सगळं जुनंच होतं. फक्त माझं बसणं बंद झालं होतं.

त्याने शेठकडे आणखी दोनदा ब्रेकचा विषय काढला. दुसऱ्यांदा शेठ चिडले. "तू चालवतोस का नाय ते सांग. चालवनारे लय हायत."

घरामागची खोली शेठची होती. मुलगी गावातल्या शाळेत जायला लागली होती. सिताराम चालवत राहिला. हळू चालवायचा, इतका हळू की मागचे ट्रकवाले शिव्या देत पुढे जायचे.

सत्त्याण्णवच्या मार्चमधली गोष्ट. सकाळचे दहा वाजले असतील. उरणच्या रस्त्यावर एका पुलाचा उतार आम्ही उतरत होतो. उताराच्या पायथ्याशी पाच-सहा मासळीवाल्या बायका माशांच्या पाट्या खाली ठेवून गाडीची वाट बघत उभ्या होत्या. समोरचा कंटेनर एकाएकी थांबला. सितारामने ब्रेक दाबला. माझी चाकं थांबायला बघत होती, पण मागून ट्रेलरने धडक दिल्यासारखा रेटा दिला. मी थांबेना. वेग कमी व्हायच्या ऐवजी वाढला. ट्रेलर डावीकडे झुकला आणि मला आडवी करत त्या बायकांच्या दिशेने लोटू लागला.

सिताराम ओरडला नाही. दोन्ही हातांनी त्याने स्टेअरिंग उजवीकडे ओढलं आणि मला पुलाच्या दगडी कठड्यावर घातलं. स्वतःच्या बाजूने घातलं. बायका वाचल्या. एकीची पाटी तेवढी उडाली आणि रस्ताभर बोंबील पसरले. माझी उजवी बाजू आत चेपली. तिच्यात त्याचा पाय अडकला होता. लोकांनी पहारीने पत्रा वाकवून त्याला बाहेर काढलं, तेव्हा तो एकच विचारत होता, "बायका हायत ना? लागलं नाय ना कुनाला?"

त्याचं उजवं पाऊल कापावं लागलं.

मला पोलीस चौकीच्या आवारात आणून ठेवलं. ट्रेलर मात्र दुसऱ्या दिवशीच ठेकेदार घेऊन गेला, काम अडलं होतं म्हणून. महिन्याभराने मोटार तपासणारे साहेब आले. शेठ हजर होते. शकुबाईच्या खांद्याचा आधार घेत, काखेत कुबडी लावून सितारामही आला. त्याने बाबासोंनाही बोलावून आणलं होतं.

साहेबांनी माझा ब्रेक दाबून पाहिला. मागची फळी दोन्ही हातांनी दाबली. "ब्रेक लागतो. मागची कमान तर नवीकोरी आहे. गाडीत दोष दिसत नाही."

"साहेब, ट्रेलर बघा," सिताराम म्हणाला. "त्याला ब्रेक नव्हता. मी तीनदा सांगितलं होतं शेठना."

"कुठे आहे ट्रेलर?"

ट्रेलर कधीच कामावर गेला होता. साहेबांनी शेठकडे पाहिलं. "सांगितलं होतं का यानं तुम्हाला?"

नामदेवशेठ पायातल्या चपलांकडे बघत होते. "नाय साहेब. आठवत नाय."

"ओ शेठ!" शकुबाई म्हणाली.

सितारामने बाबासोंकडे पाहिलं. बाबासो पुढे झाले. "साहेब, म्या सोता सांगिटलं हुतं, की..."

"तुम्ही कोण?"

"पाटं म्याच घातल्यात जी."

"कुणाच्या परवानगीने? गाडीत असा बदल करायचा तर कागद लागतो. कागद आहे?"

बाबासोंच्या तोंडावरचा रंग उतरला. मागे छप्पर, भट्टी, गावाकडे आईबाप. त्यांनी टोपी काढून परत घातली. "न्हाई, म्हंजी... मला तसं नक्की काय ध्यानात न्हाई."

वाचलेल्या बायकांपैकी एकीने आधीच जबाब दिला होता, की गाडी सुसाट आली. ती खोटं बोलली नाही. मी सुसाटच आले होते. साहेबांनी लिहिलं: चालकाचा निष्काळजीपणा. सितारामचा परवाना गेला.

मी तिथे उभी होते. माझ्या पोटाखाली ते दोन पाटे होते, हूक होता, हुकावर ट्रेलरच्या रेट्याने पडलेला ताजा ओरखडा होता. वाकून कोणी पाहिलं नाही.

मला दुरुस्त करून घरी आणलं त्या संध्याकाळी सरस्वतीवहिनी ओवाळायला आल्या नाहीत. अंगणातच त्या नवऱ्याला म्हणाल्या, "खरं बोलाया काय झालं होतं तुमाला?"

"खरं बोललो असतो तर परमिट गेलं असतं, गाडी गेली असती," शेठ म्हणाले. "मिठागर गेलं तवा कोन आलं होतं आपल्यासाठी खरं बोलाया?"

वहिनी आत निघून गेल्या. घरामागच्या खोलीला कुलूप होतं. सिताराम आदल्या आठवड्यातच ती सोडून गेला होता. वहिनींनी शकुबाईला थांबवायचा प्रयत्न केला होता म्हणे. शकुबाई म्हणाली, "नको वैनी, हितलं पानी आता घशाखाली उतरत नाय."

पुढे नवा ड्रायव्हर आला. हूक तोच, ट्रेलरही तोच. पुढच्या वर्षी एकदा आम्ही जनरेटर घेऊन तुर्भ्याच्या एका गोदामावर गेलो. त्या दिवशी शेठही माझ्यात बसले होते. फाटकावर वॉचमन म्हणून सिताराम होता. त्याने नंबर लिहून घेतला आणि सवयीने माझ्याभोवती फेरी मारायला निघाला. ट्रेलरपाशी जाऊन तो कुबडीवर रेलून वाकला. बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग माझ्या खिडकीशी आला.

"ब्रेक बसवला शेठ."

शेठ समोर बघत म्हणाले, "हं."

"कधी?"

"लय दिस झालं." मग म्हणाले, "नवा ड्रायव्हर बोलला, त्याबिगर चालवनार नाय."

"किती वेल लागला बसवायला?" सितारामने शेठच्याच बोलीत विचारलं. इतकी वर्षं त्यांच्या गावात राहून ती त्याच्या तोंडी बसली होती.

"सकाली सोडला," शेठ म्हणाले. "दुपारी भेटला."

सितारामने मान हलवली. फाटक उघडलं. "जा," तो म्हणाला.

त्यानंतर दोनच वर्षांत माझी चासी, म्हणजे सगळा भार पेलणारा खालचा सांगाडा, तडकली आणि मी इथे आले. तडकली ती हुकाच्या जागीच.

मित्रांनो, गाडी धुवा, तेलपाणी करा, हवा तपासा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. मी एवढंच मागते, की उद्या तुमची गाडी कोणी चालवत असेल आणि तो म्हणाला, हिला हे कमी आहे, तर त्याच दिवशी ऐका. नाहीच ऐकलंत आणि त्याची किंमत त्याने मोजली, तर निदान विचारणाऱ्यासमोर खरं बोला. त्या आवारात सिताराम खरं बोलला, आणि मला सगळं ठाऊक होतं. मला तोंड नव्हतं. नामदेवशेठना होतं.