आमच्या घराण्यात तसलं कोणी नाय

दिंडोरीच्या भिमाजीला आपल्या द्राक्षबागेतली प्रत्येक वेल कोणत्या खुंटावर, म्हणजे मुळाच्या जंगली रोपावर, कलम करून बांधली, हे तोंडपाठ. खुंट कमकुवत असेल तर वरच्या कलमाला दुप्पट जपायचं, कोवळ्या फुटीवर औषध जास्त पडू द्यायचं नाही, हे तो आल्यागेल्याला शिकवायचा. असा हा महाशहाणा नाशिकच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंसमोर तोंड वर करून म्हणाला, "आमच्या घराण्यात तसलं कोणी नाय."

शेजारी बसलेल्या संजनाला बापाची किळस आली. तिचा धाकटा भाऊ स्वराज कानांवर हात दाबून बसला होता. तीन आठवडे त्याला कुणाकुणाचे आवाज ऐकू येत होते. जेवणात विष आहे म्हणून तो ताटाला शिवत नव्हता.

"नीट आठवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "याचे उपचार त्यावर ठरतील."

भिमाजीला आठवायचंच नव्हतं. रविवारी निफाडच्या पाहुण्यांकडे संजनाची सुपारी फुटायची होती. पोरीचं भलं म्हणे! पोरगा उपाशी मेला तरी चालेल, पाहुण्यांत नाक वर राहिलं पाहिजे.

"आत्या होती," संजना म्हणाली. "नवसाबाई. तिलाही आवाज ऐकू यायचे. या आबांनी तिला गोठ्यात बांधून ठेवलं, तिथंच गेली ती. आणि स्वराज सहा वर्षांचा असल्यापासून, जरा काही चुकलं की आबा त्याला फवारणीच्या औषधांच्या खोलीत कोंडायचे. अंधारात, दिवसदिवसभर."

"गप बस! सोयरीक मोडंल तुझी!"

"मोडू द्या."

डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "या आजाराकडे कल रक्तातून येऊ शकतो. पण तेवढ्यानं आजार होतोच असं नाही. लहानपणी अशी दहशत बसली, तर धोका आणखी वाढतो."

भिमाजीने त्यातलं सोयीचं तेवढंच उचललं. तो ताठ बसला.

"मंग रक्तातच हाय ना! लिवा बाई, नवसाबाई, माझी सख्खी बहीण. आन् आमची आजी चिमणाबाई, तीबी तशीच व्हती. मला लहानपणापासून ठावं हाय. यात माझा काय दोष?"

या पणजीचं संजनाला आजच कळत होतं. स्वतःची कातडी वाचवायला हा माणूस मेलेल्या बायकांना एकेक करून पुढे करत होता. तिचा आवाज अजिबात चढला नाही.

"म्हणजे आबा, तुम्हाला सगळं माहीत होतं," ती म्हणाली. "माहीत असून तुम्ही त्याला कोंडलंत."