एका आसनाचं विमान

घरी बांधायचं नवं विमान कुठलं हे ठरवायला गॅरेजच्या फरशीवर खडूने दोन विमानांच्या बैठका आखून डेलबर्ट त्यांत घडीची खुर्ची आलटूनपालटून ठेवत होता, बसून बघत होता.

"ही ऐसपैस आहे, पण वेग कमी. त्या दुसरीत मर्लचे खांदे मावायचे नाहीत. तुला काय वाटतं, व्हर्ना?"

व्हर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुन्हा मर्लच!

पहिलं विमान नवराबायकोने याच गॅरेजमध्ये नऊ वर्षं बांधलं. पत्रे जोडणारे रिव्हेट ठोकायला दोघं लागतात. बाहेरून रिव्हेट ठोकायची हवेची बंदूक डेलबर्ट धरायचा, आतून टेकू म्हणून लोखंडी ठोकळा व्हर्ना. विस्कॉन्सिनच्या थंडीत ती अर्धी पंखात शिरून बसायची. डावा कान त्या दणदणाटातच गेला. विमान तयार झालं आणि शेजारच्या आसनाचा पहिला मान मिळाला डेलबर्टच्या मित्राला, या मर्लला. "तुला पुढच्या रविवारी," डेलबर्ट म्हणाला होता. तो रविवार उजाडायच्या आत चांगलं गिऱ्हाईक आलं म्हणून त्याने विमान विकून टाकलं. याला अकरा वर्षं झाली. व्हर्ना एक दिवसही विसरली नव्हती.

तिने खडू उचलला आणि तिसरी, अरुंद चौकट आखली.

"हे कुठलं?"

"एकट्याचं. हलकं, छोट्या धावपट्टीवर उतरणारं. तिन्हींचे नकाशे ताडून पाहिलेत मी."

"एकट्याचं? मग तू कुठं बसणार?"

"मीच बसणार."

तो खो खो हसला. "अगं, तुला उडवता कुठं येतं?"

"सप्टेंबरात परवाना मिळाला. दोन वर्षं दर बुधवारी गोधड्यांच्या वर्गाला जात होते ना? एक तरी गोधडी घरात आलेली बघितलीस?"

डेलबर्टने विचारलं, "आणि मी?"

"तू आत शिरायचंस, ठोकळा घेऊन. कानात बोळे मात्र घाल. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"आणि झाल्यावर?"

"मर्लबरोबर कुंपणाशी उभं राहायचं. हात हलवायचा."

सूड गोड लागेल असं तिला वाटलं होतं. लागलाही, आणि त्याची तिला जराही लाज वाटली नाही.

डेलबर्टने घडीची खुर्ची मिटून भिंतीला टेकवली. मग किल्ली घेऊन त्याने गॅरेजच्या दुसऱ्या बाजूचा आपला ट्रक बाहेर काढला आणि भुरभुरत्या बर्फात उभा केला. मागच्या विमानाला जागा लागायची म्हणून नऊ हिवाळे तिथे व्हर्नाची गाडी उभी असायची.