न पडलेल्या झुंबराची कप्पी

मित्रांनो, तुम्ही सभागृहात येता तेव्हा पडद्याकडे पाहता. त्या पडद्याच्याही वर, काळोखातल्या तुळईला, मी टांगलेली असते. खाच असलेलं एक लोखंडी चाक, म्हणजे कप्पी, एवढीच माझी ओळख. माझं सांगणं ऐकण्याजोगं आहे की नाही, याची मला अजून खात्री नाही. तरी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.

नागपूरजवळच्या कुही गावातल्या एका लोहाराने मला घडवलं. धानाच्या बांधालगतच्या विहिरीवर मी काही वर्षं पाणी ओढलं. मग विहिरीवर मोटार बसली आणि मी भंगारात गेले. तिथून मनोहरराव नावाच्या मास्तरांनी मला उचलून नागपूरला, आपल्या शाळेत आणलं. पडदे, पुठ्ठ्याचे ढग, कागदाचा चंद्र, सगळं माझ्यावरून वरखाली होऊ लागलं. "अशी कप्पी दुसऱ्या कोणत्याच शाळेत नाही," असं मनोहरराव पाहुण्यांना सांगत. मी फुशारून जाई. माझ्या खाचेची एक कड झिजून धारदार होत चालली होती, हे मला जाणवत होतं. पण वर चढून कोणी पाहिलं नाही आणि मला सांगता येत नव्हतं.

सत्तावीस वर्षांपूर्वी एका दुपारी तालीम चालू होती. रवींद्र नावाचा मुलगा दूताचं काम करत होता. "महाराज, वेशीबाहेर..." एवढंच तो बोलला आणि पडद्याचा लाकडी दांडा दोरासकट त्याच्या खांद्यावर कोसळला. मुलगा वाचला. उजवा हात मात्र कायमचा अधू झाला.

तो दोर शाळेच्या शिपाई कौसल्याबाईंनी बांधला होता. तेव्हा त्या नव्याने कामाला लागल्या होत्या. "माही गाठ सुटली," असं त्या आजवर म्हणत आल्या. मला वाटत आलं, दोर माझ्या कडेने कापला. खरं काय ते कोणालाच ठाऊक नाही, कारण तो दोर त्याच संध्याकाळी कोणीतरी जाळून टाकला.

त्यानंतर मला काम उरलं नाही. कोळ्यांच्या जाळ्यांनी माझी खाच भरून गेली. पण दुपारची सुट्टी संपून वर्ग भरले, सभागृह सामसूम झालं, की खालून त्या मुलाचा आवाज येई. "महाराज, वेशीबाहेर..." वेशीबाहेर काय होतं? वाक्य पुढे सरकतच नसे. वारा नसताना माझं चाक बोटभर फिरे. कौसल्याबाई झाडताना मंचाच्या मधोमध आल्या की थबकत. वर, माझ्याकडे पाहत. मग त्या जागेवर पाय न ठेवता, लांबूनच झाडू फिरवून निघून जात. त्यांनाही तो आवाज येत होता का? मी कधी विचारू शकले नाही.

यंदा शाळाशाळांची नाट्यस्पर्धा आमच्याच सभागृहात ठरली. आमच्या नववीच्या मुलांचं नाटक भुताच्या हवेलीचं होतं. त्यात गडगडाट होतो आणि हवेलीतलं झुंबर आपोआप खाली येतं. आपोआप म्हणजे अर्थात रिमोटने. विज्ञानाचे धम्मानंद सर शिडी लावून वर आले. त्यांनी माझ्या खाचेवरून बोट फिरवलं आणि बोट कापलं. मला उतरवून त्यांनी कड कानशीने घासली, तेल घातलं आणि नव्या बोल्टने पुन्हा बसवलं.

झुंबर बांबूच्या काड्यांचं, कागदाचं आणि प्लास्टिकच्या मण्यांचं होतं. त्याचा दोर माझ्यावरून विंगेतल्या एका पकडीत जाई. बटण दाबलं की पकड उघडे. सेल संपला तर ती मिटलेलीच राही. झुंबराला तुळईवरून एक वेगळी तार होती, ते जमिनीपासून हातभर वर अडावं म्हणून. पहिले कित्येक दिवस नुसती वाळूची पिशवी पाडून पाहिली. मंचावर खडूने मोठं वर्तुळ आखलं. बटण नववीतल्याच अपूर्वकडे होतं, पण त्याच्या कोपऱ्यातून वर्तुळ दिसत नव्हतं. म्हणून समोरच्या विंगेतून कोणीतरी वर्तुळ मोकळं आहे का ते पाहायचं आणि हात वर करायचा. हात वर नाही, तर बटण नाही.

"आणि पाहणार कौसल्याबाई," सर म्हणाले.

"मले काहून सांगता, सर? माह्या हातानं एक पोरगं अधू झालं."

"म्हणूनच तुम्ही. बाकीचे नाटक पाहत बसतील. तुम्ही ती जागा पाहाल."

बाई पदर खोचून म्हणाल्या, "पाहीन मी."

प्रयोगाआधी रीतीप्रमाणे मंचावर नटराजाची पूजा झाली. मुख्याध्यापिकांनी नारळ फोडला, पाणी सांडलं, आणि कोणीतरी लगबगीने ओल्या फडक्याने मंच लख्ख पुसून काढला. त्याबरोबर वर्तुळही पुसलं गेलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. मला वरून दिसलं. पूर्वीची असते तर निदान करकरले असते. आता मला तेल घातलं होतं.

नाटक रंगलं. निळा उजेड पडला. नायिका झालेली मुग्धा मागे सरकत पायाखाली रेघ शोधू लागली. रेघ सापडेना, म्हणून ती थांबली. नेमकी झुंबराखाली. गडगडाट सुरू झाला आणि त्यात मला स्पष्ट ऐकू आलं, "महाराज, वेशीबाहेर..." तोच आवाज. तीच जागा.

अपूर्वचा अंगठा बटणावर होता. समोर कौसल्याबाईंचे दोन्ही हात खाली.

"बाई, हात!" अपूर्व कुजबुजला. "वर करा ना जी!"

बाईंचा हात वर गेला नाही. अपूर्वने अंगठा उचलला.

गडगडाट संपला. मुग्धा पाठ केल्याप्रमाणे किंचाळली, "पडलं! झुंबर पडलं!" झुंबर तिच्या डोक्यावर निवांत डुलत होतं. सभागृहात हशा उसळला. मागून कोणी ओरडलं, "सेल बदला बे कोणी!"

बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं. पडदा पडल्यावर मुग्धा कौसल्याबाईंसमोर येऊन उभी राहिली. "सगळे हसून राहिले होते माझ्यावर! एक हात वर करायचा होता फक्त!"

"माय, तू आत होती वं."

"नव्हते मी आत! रेघ कुठे होती?"

मग सगळ्यांनीच खाली पाहिलं. अपूर्वने रिमोट खाली ठेवला. धम्मानंद सर हळूच म्हणाले, "पूजेनंतर मी पुन्हा पाहायला हवं होतं. चूक माझी आहे." मुग्धा वर झुंबराकडे पाहत हुंदके देत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पिवळ्या ऑइल पेंटचा डबा घेऊन आली. तिने स्वतः वर्तुळ रंगवलं. रंग वाळल्यावर म्हणाली, "बाई, आता करा हात वर."

बाईंनी वर्तुळ नीट पाहिलं. एकदा पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हात वर केला. माझ्यावरून दोर सरसर धावला. झुंबर आलं, तार ताणली, जमिनीच्या हातभर वर मणी थरथरत थांबले. खाली कोणीही नव्हतं.

मित्रांनो, उंचावर टांगलेल्या वस्तूंना बोलता येत नाही. अधूनमधून कोणीतरी मोठं माणूस शिडी लावून आमच्याकडे येऊ द्या. दोर चाचपू द्या, कडेवरून बोट फिरवू द्या. आणि खाली कोणी उभं असेल अशी नुसती शंका आली तरी बटणावरचा अंगठा उचला. लोक हसतील. हसू द्या. त्या दिवशी मुग्धा धडधाकट उभी राहून रागाने रडत होती. त्या रडण्याइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.