आवाजाची राखण

मशीन पुन्हा बंद पडलं तेव्हा फोरमन दाढी करत होता. बैठकीच्या खोलीतल्या कपाटाखालची पंख्याची घरघर अचानक थांबली आणि गालावरचा फेस तसाच ठेवून तो धावत आला. उमेदीची सारी वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात फोरमनकी करण्यात गेलेली, त्यामुळे कुठलंही यंत्र गप्प झालं की त्याचे पाय आपोआप तिकडे वळायचे. घरीदारी सगळे त्याला फोरमनच म्हणत. बायकोही म्हणायची, तिला बोलता येत होतं तोवर.

आता तिचा आवाज त्या मशीनमध्ये होता. घशाच्या आजारात तिची स्वरपेटी काढावी लागली. ऑपरेशनच्या आधी फोरमनने तिला माइकसमोर बसवून रोज थोडं थोडं बोलायला लावलं. वाक्यं तिनेच ठरवली, काही लेकीसाठी, काही नवऱ्यासाठी. "जेवलीस का गं?" "मी बरी आहे, उगाच काळजी करू नकोस." "अहो फोरमन, चष्मा कपाळावर आहे!" नवऱ्याच्या प्रत्येक खोडीसाठी एकेक बोलणं तिने भरून ठेवलं. त्यासाठी फोरमनने घरीच सर्व्हर जोडला. कोणाच्या जुन्या संगणकाचा डबा, कोणाची डिस्क, भंगारात निघालेल्या संगणकाच्या रॅमच्या पट्ट्या. टाकाऊतून टिकाऊ! बायको टॅबलेटवरचं बटण दाबायची आणि तिच्याच आवाजातलं वाक्य मशीनमधून यायचं. बाकी वेळी काही हवं असलं की ती चमच्याने पेल्यावर टकटक करायची.

"एक प्रत माझ्याकडे पाठवा ना बाबा," लेक किती वेळा म्हणाली होती. ती लांबच्या शहरात नोकरीला. "नाहीतर इंटरनेटवर तरी ठेवा."

"तुझ्या आईचा आवाज परक्यांच्या गोदामात ठेवू? घरचं ते घरचं. दोन डिस्क आहेत, मी आहे, आणखी काय पाहिजे?"

माणूस वाईट नव्हता, पण हेका जबर. कारखान्यातही बाहेरचा मेकॅनिक बोलवायचा म्हटलं की याला स्वतःचा अपमान वाटायचा.

आज रविवार. दुपारी लेकीचा फोन यायचा होता. त्याआधी मशीन उभं राहायलाच हवं होतं, कारण त्या फोनसाठी बायको आठवडाभर जीव धरून असायची. फोरमनने गाल पुसला, डबा उघडला आणि आजवर जे जे केलं होतं त्याची मनात उजळणी केली. धूळ झाडली होती. पंखा बदलला होता. पॉवर सप्लाय नवा आणला होता, वायरी बदलल्या होत्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असं चाललं होतं सगळं. राहिल्या होत्या फक्त रॅमच्या पट्ट्या. त्या त्याने स्वतः निवडून, पुसून बसवल्या होत्या, म्हणून त्यांच्यावर त्याचा संशय कधी गेलाच नव्हता.

त्याने एक पट्टी काढली आणि दुसरीवर तपासणी लावली. पडदा स्वच्छ राहिला. मग ती काढून पहिली बसवली. थोड्याच वेळात पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या आणि थांबेचनात.

"सापडला!" फोरमन ओरडला. "अगं, इकडे ये! चोर सापडला!"

बायको हात पुसत आली. त्याने पट्टी तिच्या नाकासमोर नाचवली, चांगली पट्टी जागेवर खटकन बसवली आणि मशीन चालू केलं. पंखा घरघरला. किती तरी दिवसांनी तो मोकळेपणी हसला, आणि तीही हसली. आवाजाशिवाय तिचं हसू म्हणजे नुसते हलणारे खांदे.

मग तिने टॅबलेटवरचं बटण दाबलं. खर्र झालं, मध्ये "ली" असं काहीतरी आलं आणि पुन्हा खर्र. तिने दुसरं बटण दाबलं, तिसरं दाबलं.

गेल्या महिन्यात तिने पाटीवर लिहून दाखवलं होतं, आवाज फाटतोय. "टॅबलेटचा स्पीकर गेलाय," म्हणून त्याने तिला उडवून लावलं होतं.

आता तो खाली बसला आणि एकेक फाइल उघडू लागला. जसजसा उघडत गेला तसतसं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं मशीन बंद पडलं की दर वेळी तो सगळ्या फायलींची तपासणी-दुरुस्ती लावायचा. ती झाली की पहिल्या डिस्कवरून दुसरीवर नवी प्रत. एकदाही चुकवलं नव्हतं. मशीन डिस्कवरचं चांगलं वाक्य उचलायचं, ते त्या सडक्या पट्टीतून जाताना नासायचं, आणि नासलेलंच दुरुस्त म्हणून परत लिहिलं जायचं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं, आणि हा दर वेळी कुंपणाला खतपाणी घालत होता. नुसता हात बांधून बसला असता, तरी बरंच काही वाचलं असतं.

दुसरी डिस्क लावली. तीही तशीच. प्रत अगदी तंतोतंत होती.

"अगं..." तो म्हणाला. तिला सांगायची गरजही नव्हती. ती टॅबलेट मांडीवर घेऊन बसली होती आणि बटणं दाबायची थांबली होती. फोरमनला वाटलं, हिने पेला फेकून मारावा, काहीही करावं. तिने टॅबलेट पदराने पुसला आणि बाजूला ठेवला.

तेवढ्यात फोन वाजला. त्याने तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, कसे आहात? आई कुठाय? आई, बोल ना!"

फोरमन फोनकडे वाकला. सगळी वाक्यं त्याला तोंडपाठ होती, ओळीने. कसं कोण जाणे, त्याच्या तोंडून निघून गेलं, "जेवलीस का गं?"

"जेवले. पण तुम्ही काय विचारताय? आईला बोलू द्या की."

"मी बरी आहे," फोरमन म्हणाला. त्याचा आवाज फाटला. "उगाच काळजी..."

बायकोने पुढे होऊन त्याच्या तोंडावर तळहात ठेवला. घट्ट. हाताला साबणाचा वास होता. दुसऱ्या हाताने तिने टेबलावरचा चमचा उचलला, फोन जवळ ओढला आणि पेल्यावर टकटक केलं. थांबली, आणि पुन्हा केलं, जरा जोरात. लेकीला हाक मारायला आता तिच्याकडे एवढंच उरलं होतं.



"बाबा," लेक म्हणाली, "हा खडखडाट कसला? मशीन परत बिघडलं का?"