जठराच्या वेशीवरचा मी आणि आक्कांची गोळी

मित्रांनो, मी एका मिस्त्रींच्या पोटातला जुना स्नायू आहे. मिस्त्री फरश्या बसवतात. त्यांनी साठी गाठली, म्हणजे मीही गाठली. अन्ननलिका संपते आणि जठर सुरू होतं, त्या वेशीवर मी बांगडीसारखा गोल बसलेला असतो. घास आला की उघडायचं, तो उतरला की मिटायचं, हे माझं काम. त्यासाठी मिस्त्रींना काही ठरवावं लागत नाही. डोळ्यापुढे काही आलं की पापणी आपोआप मिटते ना, तसंच. खाली जठरात आम्ल धुमसत असतं. ते वर येऊ नये म्हणून मी मूठ आवळून राहतो.

मिस्त्रींचा धंदा माझा घाम काढणारा. दिवसभर गुडघे टेकलेले, पोट दुमडलेलं, मान खाली. तरी वर्षानुवर्षं मी वेस राखली. कौतुक मात्र व्हायचं फरशीचं. "काय पाणसळीत बसवलीय, कुठे चढ नाही की उतार!" असं लोक म्हणायचे. माझं कधी कुणी नावही काढलं नाही.

एकदा मिस्त्री आकंठ जेवले आणि लगेच कामाला वाकले. माझ्या हातून थोडं आम्ल निसटलं. छातीत जळजळ झाली. तेवढ्यावर भागलं असतं, पण मिस्त्रींच्या थोरल्या बहिणीने, आक्कांनी, ते ऐकलं. आक्कांची पर्स म्हणजे चालतंबोलतं औषधाचं दुकान.

"ही घे. माझ्या पोटात मुरडा आला की हिनेच आराम पडतो."

"अगं, पण मला मुरडा नाही, जळजळ आहे."

"पोट तेच ना? गीळ गपचूप!"

थोरल्या बहिणीपुढे मिस्त्रींची काय टाप! त्यांनी गोळी गिळली. मी मुकाट्याने दार उघडलं.

मुरड्याची ती गोळी आतले आवळलेले स्नायू सैल करते. गोळी कामाला चोख होती. पण हा मुरडलेला आणि हा पहाऱ्यावरचा, असा भेद तिला कुठला? तिने मलाही सैल सोडलं. माझी मूठ सुटली आणि आम्ल पाहुण्यासारखं वर निघालं. जळजळ वाढली.

"बघ, एकीने भागत नाही तुझं," आक्का म्हणाल्या. "रोज घेत जा."

गोळी वाढली की मी ढिला, मी ढिला की जळजळ, जळजळ झाली की पुन्हा गोळी. मिस्त्रींचं तोंड कोरडं पडलं, आवाज बसला. आक्का पर्स उघडतच राहिल्या.

अखेर एका सकाळी कोपऱ्यातली फरशी ठोकताना मिस्त्रींच्या छातीत असा आगडोंब उसळला, की ते थापी टाकून घरी आले आणि आडवे झाले. "माझं हृदय बंद पडतंय," ते बायकोला म्हणाले. "पाणसळ धाकट्याला दे. थापी मात्र मेव्हण्याला देऊ नकोस, तो तिने माती उकरेल."

मिस्त्रीणबाईंनी त्यांच्या चपला पुढे सरकवल्या. "आधी दवाखान्यात चला. वाटण्या मागाहून करा!"

डॉक्टरबाईंनी आधी हृदयाचा आलेख काढला, रक्त तपासलं. ते होईपर्यंत आक्का दाराशी पदराने डोळे पुसत उभ्या होत्या. हृदय ठणठणीत निघालं.

"छातीत दुखलं म्हणून लगेच आलात, हे उत्तम केलंत. गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"एकही नाही," मिस्त्री म्हणाले.

मिस्त्रीणबाईंनी आक्कांकडे पाहिलं. आक्कांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. मग हळूच पर्स उघडली.

डॉक्टरबाईंनी गोळीचं नाव वाचलं आणि कपाळाला हात लावला. "आक्का, जठराच्या तोंडाशी एक स्नायू असतो. तुम्ही त्यालाच झोपवत होतात!"

मित्रांनो, साठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझा विषय काढला. गोळी बंद झाली, जेवल्यावर लगेच वाकणं बंद झालं. काही दिवसांत माझी मूठ पुन्हा आवळली.

आक्का मात्र हिरमुसल्या. "मी का वाईटासाठी दिली होती?"

"तसं नाही, आक्का," मिस्त्री म्हणाले. "तुझी माया मला पचते. गोळी तेवढी पचली नाही."

आक्का हसल्या आणि पर्समधल्या गोळ्या डॉक्टरबाईंना दाखवायला त्यांनी स्वतःहून टेबलावर ओतल्या. टेबल पुरलं नाही.

म्हणून विनवतो, दुसऱ्याची गोळी आपली समजू नका, आणि डॉक्टरांनी विचारलं तर घेतलेली प्रत्येक गोळी सांगा. तुम्ही जे गिळाल, त्याला मी वाट देणार. बरंवाईट मला ओळखता येत नाही. ते तुम्हालाच, तोंड उघडण्याआधी, पाहायचं आहे.