तीन वेळा डावीकडे

शुक्रवारी संध्याकाळी मी लेकीच्या दप्तरात डोकावले, हे आधीच कबूल करते. डबा काढायला हात घातला होता. पण डबा सापडल्यावरही हात आतच राहिला.

लेक दुसरीत आहे. घरात तिला आम्ही खारूताई म्हणतो, कारण मनातलं सगळं ती गालात साठवून ठेवते. दर शनिवारी तिच्या शाळेत कोडिंगचा वर्ग असतो. मला वाटलं होतं, संगणकासमोर बसवतील, डोळ्यांची वाट लागेल. तर तिथे संगणक औषधालाही नाही. फरशीवर खडूने चौकोन आखायचे, बाण काढलेल्या पुठ्ठ्याच्या पाट्या बाईंकडून घेऊन क्रमाने लावायच्या आणि एकेक दाखवून कुणाला तरी चालवायचं. उद्याचं ते 'कुणी तरी' म्हणजे पालक. पालकांनी यंत्र व्हायचं. पाटीवर असेल तेवढंच करायचं, त्याहून जास्त नाही, कमी नाही. दारापासून निघायचं, खुर्चीवरचा प्लास्टिकचा बेडूक उचलायचा आणि खिडकीखालच्या बादलीत टाकायचा.

"मला पाठव," नवरा म्हणाला. "सांगितल्याशिवाय काही न करण्यात माझा हात कोण धरणार?"

"तू सांगूनही करत नाहीस. यंत्र निदान चालू तरी व्हावं लागतं."

खारूताई हसली नाही. "चुकलं तर मी त्या वर्गाला परत जाणार नाही," ती डब्याच्या झाकणाकडे बघत म्हणाली.

ही नुसती धमकी नव्हती. नाचाचा वर्ग तिने एका चुकलेल्या गिरकीवर सोडला होता, चित्रकलेचा एका वाकड्या घरावर. वहीत अक्षर चुकलं की पान फाटेपर्यंत खोडते. पोरगी कुणावर गेली, हे नवरा विचारत नाही. नुसता माझ्याकडे बघतो. (किराण्याच्या यादीत खाडाखोड झाली तर मी यादी नव्याने लिहिते, एवढंच.) आणि हा एकच वर्ग असा होता, ज्यासाठी ती न हाक मारता बूट घालून दाराशी उभी राहायची. तो हातचा जायला नको होता.

म्हणून हात दप्तरात राहिला. रबरबँड लावलेला पाट्यांचा गठ्ठा होता, सोबत वर्गाचा नकाशा. नकाशात दोन चौकोन पुढे गेलं की बेडूक सरळसरळ उजव्या हाताला. आणि पाट्या? पुढे, पुढे, डावीकडे वळ, डावीकडे वळ, डावीकडे वळ. उजवीकडची एकही नाही! पुढचं वाचायचा धीरच झाला नाही. पोरीला अजून डावं-उजवं कळत नाही, आणि घाबरून तीन-तीनदा तीच पाटी लावून ठेवलीय.

"खारू, सांग बघू, उजवा हात कुठला?" मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं.

तिने माझ्याकडे बघितलं, मग दप्तराकडे, मग गठ्ठा उचलून उशीखाली ठेवून आली. "आई, यंत्राला आधीपासून काही कळायचं नसतं."

भांडी आवरता आवरता मी ठरवून टाकलं. ती डावीकडची पाटी दाखवील तेव्हा आपण उजवीकडे वळायचं. कुणाला काय कळतंय! लेक जिंकेल, वर्ग टिकेल.

शनिवारी वर्गातली बाकं भिंतीला लावलेली होती. विज्ञानाच्या बाई फरशीवरच बसल्या होत्या, दोन्ही गुडघे खडूने पांढरे. पहिला नंबर जुळ्या बहिणींचा. त्यांचे वडील बस चालवतात. ते प्रत्येक वळणावर तोंडाने हॉर्न वाजवत होते.

"काका, हॉर्नची पाटी नाहीये!" पोरं ओरडली.

"सवय आहे बाळांनो, बसला ब्रेक असतो, तोंडाला नसतो," म्हणत त्यांनी बेडूक बादलीत टाकला.

मग आमचा नंबर. यंत्राचं बटण म्हणजे नाक, असं ठरलं होतं. खारूताईने टाचा उंचावून माझं नाक दाबलं. तिची बोटं गार होती.

पुढे. पुढे. मी दोन चौकोन चालले. पाटी आली: डावीकडे वळ. मी ऐटीत उजवीकडे वळले. समोर खुर्ची, खुर्चीवर बेडूक. मनात म्हटलं, जमलं! पुन्हा पाटी: डावीकडे वळ. बेडूक तर समोरच होता. पण ठरलं ते ठरलं. मी पुन्हा उजवीकडे वळले आणि तोंड दाराकडे झालं. तिसरी पाटीही तीच. आता बेडूक माझ्या पाठीमागे आणि समोर जुळ्या मांडी घालून बसलेल्या. पुढे. पुढे. जुळ्या किंचाळत बाजूला सरकल्या.

"काकू, पाटीवर डावीकडे आहे, तुम्ही उजवीकडे वळताय!"

"तिन्ही वेळा चुकल्या!"

"बिघडलंय हे!"

मी लेकीकडे बघितलं. खालचा ओठ पुढे आला होता. नाचाच्या वर्गात आला होता तस्साच. मला तिला उचलून थेट घरी पळावंसं वाटलं. पण ती रडली नाही. बाईंकडे वळली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हे यंत्र ऐकत नाही. मनचं करतंय."

तिचा एवढा मोठा आवाज मी घराबाहेर पहिल्यांदाच ऐकत होते.

"तिचं काही चुकलं नाही," मी म्हटलं. माझे कान तापले होते. "मला वाटलं, तिला उजवं-डावं कळत नाही. म्हणून मीच उलटं वळत होते."

बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांनी खारूताईला विचारलं, "तीन वेळा डावीकडे का गं?"

"उजवीकडच्या पाट्या जुळ्यांनी घेतल्या. मला उरल्याच नाहीत."

"अगं, मग मागायच्या ना बाईंकडे!" मला राहवलं नाही.

"वहिनी, यंत्र बोलत नसतं," बसवाले काका म्हणाले.

"मग मी उभी राहून फिरून बघितलं," खारूताई बोलतच होती. "डावीकडे, डावीकडे, डावीकडे. तीनदा केलं की उजवीकडेच येतं."

मग पोरं उठून जागच्या जागी फिरायला लागली. काकाही फिरले, हॉर्न वाजवत. सगळ्यांची तोंडं खरंच आपापल्या उजवीकडे झाली. "आलं की!" काका म्हणाले आणि खात्री करायला पुन्हा फिरले.

मी मात्र कालपासून त्या तीन पाट्यांना भीती समजत होते.

"यंत्र बंद करून चालू करावं लागेल," बाई म्हणाल्या. खारूताईने माझं नाक दोनदा दाबलं, दुसऱ्यांदा जरा जोरातच.

या वेळी मी सांगितलं तेवढंच केलं. डावीकडे, डावीकडे, डावीकडे. दोन चौकोन पुढे. उचल. बेडूक हातात आला, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग डावीकडे वळ, पुढे, पुढे. आणि पाटी आली: टाक.

बादली अजून एक चौकोन लांब होती.

एक पाटी कमी पडली होती. ही चूक मात्र खरी होती, तिची स्वतःची. मी नुसता हात लांब केला असता तरी बेडूक बादलीत गेला असता. कुणालाही कळलं नसतं, तिलाही नाही. माझा खांदा पुढे निघालाच होता. दात आवळून मी त्याला जागेवर आणलं आणि मूठ उघडली.

बेडूक फरशीवर पडला, दोन उड्या मारून बादलीला टेकला.

मी मागे वळून तिच्याकडे बघितलं नाही. यंत्राने बघायचं नसतं, आणि माझ्यात तेवढी हिंमतही नव्हती. मागे पाट्यांचा आवाज आला, एक, दोन, तीन. ती मोजत होती. मग बाईंचं "हा घे कोरा पुठ्ठा", आणि त्यावर पेन्सिल घासल्याचा आवाज. खोडरबराचा आवाज येईल म्हणून मी कान टवकारून उभी होते. तो आलाच नाही.

"एक 'पुढे' राहिलं होतं," ती म्हणाली. "आता घातलं. आई, दाराशी जा. परत."

मी दाराशी गेले. तिने नाक दाबलं. या वेळी बोटं गार नव्हती.

घरी जाताना चौकात मी सवयीने तिचं दप्तर स्वतःच्या खांद्यावर घ्यायला हात पुढे केला. तिने पट्टा धरून ठेवला.

"पाटी दाखवली का मी?"

"नाही दाखवली."

"मग?"

मी हात मागे घेतला. थोडं चालल्यावर ती म्हणाली, "पुढच्या शनिवारी बाबांना यंत्र करू या."

"का गं? मी नको?"

"तू चांगली आहेस," तिने विचार करून सांगितलं. "पण तुला चालू करायला दोनदा नाक दाबावं लागतं."