हुंगून झालेली कोंबू

मित्रांनो, समुद्राच्या तळाशी जन्मलेल्यांना जगात कुणाचंही भय नसतं. मला फक्त शोभनाआजींचं वाटतं.

मी एक जुनी कोंबू आहे. सूप करण्याआधी जपानी लोक पाण्यात भिजत घालतात, ती समुद्रातली वनस्पती. होक्काइदोच्या थंड पाण्यात मी दोन वर्षं डुलले, मग किनाऱ्यावरच्या गोट्यांवर वाळले. वाळताना अंगावर पांढरा थर येतो; सगळी चव त्यातच. जपानी स्वयंपाकघरात त्याचं फार कौतुक. पण २००६च्या पावसाळी नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये, मिचिकोबाईंनी मला पत्र्याच्या डब्यात घालून शेजारच्या आश्लेषाला दिलं आणि माझे ग्रह फिरले.

आश्लेषाच्या सासूबाई, शोभनाआजी, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. सत्तर वर्षं सांभाळलेला शाकाहार रेडमंडात बाटवून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. त्यांनी मला हुंगलं.

"मासळीच आहे ही. पाल्याचं सोंग घेतलंय."

"आई, वनस्पती आहे ती."

"मग समुद्रात कशाला राहते?"

पांढऱ्या थराला त्यांनी बुरशी ठरवलं. आठवडाभर मी केराच्या डब्याच्या झाकणावर निकालाची वाट बघत पडून होते.

शनिवारी मिचिकोबाई चहाला आल्या. आजींनी नातीला, आन्याला, मध्ये घालून चौकशी केली, हिला डोळे होते का? मिचिकोबाईंनी गंभीरपणे विचार केला आणि नव्हते म्हणून सांगितलं. आजींचं समाधान झालं नाही.

तरी शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, म्हणून त्यांनी त्यात घरचं मेतकूट भरून ठेवलं होतं. मिचिकोबाईंनी झाकण उघडलं, हुंगलं आणि डबा हातभर लांब धरला. मग आन्याच्या कानात काहीतरी विचारलं.

"आजी, शी इज आस्किंग, हे खायचं असतं का?"

आजींचा चेहरा उतरला. "सांग तिला, मी स्वतः भाजून दळलंय. हुंगतेस काय, खाऊन तर बघ म्हणावं."

आन्यानं सांगितलं, ऐकलं आणि वळून म्हणाली, "शी सेज सेम टू यू, आजी."

आजींनी मला झाकणावरून उचलून ओट्यावर ठेवलं. संध्याकाळी त्यांनी मला कोरड्या फडक्यानं हलकेच पुसलं, मोडलं आणि अर्धी आमटीत टाकली. विश्वास तेवढाच बसला होता. आमटी मात्र दोनदा घेतली.

उरलेली मी आता मसाल्यांच्या फळीवर बरणीत असते. तेव्हा मित्रांनो, नुसत्या वासावरून कुणाला केरात टाकू नका. आणि जमलं तर माझ्या बरणीचं झाकण जरा घट्ट लावा. शेजारी हिंग आहे, आणि त्याचं लक्षण मला काही ठीक दिसत नाही.